उत्तर डोंगराकडे असते

ये, बस इथे. अशी लांब नको, जवळ बस. मोबाईल उपडा ठेव. हे तू लोणारला तुझ्या खोलीत वाचशील, मला माहीत आहे, तरी आजी समोर बसली आहे असं समजून वाच. आजीला फोन करायला तुला रविवार लागतो, आणि केलास तरी भाजीला फोडणी देता देता बोलतेस. असू दे. त्याचा राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे, आणि ती गोष्ट काय ते तुला कळलंसुद्धा नाही, म्हणून जास्त आहे.

मागच्या रविवारी तू हसत हसत सांगितलंस. आठवीचा वर्ग. भूगोलाचा तास. तू फळ्यावर गोलात गोल, त्यात आणखी गोल, अशा रेषा काढल्या. समोच्च रेषा. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एवढं मलाही कळतं. तू विचारलंस, "हे काय दिसतं?" सगळा वर्ग म्हणाला, "डोंगर." मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "खड्डा." तांड्यावरून चालत येणारी पोरगी.

आणि तू म्हणालीस, "खड्डा तुझ्या डोक्यात आहे."

वर्ग हसला. फोनवर सांगताना तू परत हसलीस. खरं सांगते, मीही हसले. निघून गेलं तोंडातून. मग फोन ठेवला आणि डाळ निवडायचं सूप तसंच मांडीवर राहिलं. कारण फोन ठेवता ठेवता तू आणखी एक वाक्य बोलली होतीस.

"तेव्हापासून ती शाळेतच आली नाही गं. यांना शिकायचंच नसतं, आजी."

यांना.

हा शब्द मी ओळखते. पन्नास वर्षांनी भेटला तरी ओळखते. पण तो माझ्या घरातून येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या नातीच्या तोंडून. जिला मी अंगणात बोट धरून नकाशावरून चालवलं, तिच्या तोंडून.

मी शाळा का सोडली ते तुला कधी सांगितलं नाही. घरची गरिबी, असं सांगत आले. गरिबी होतीच, पण तिने शाळा सुटली नाही. आज सांगते. लिहिताना मी पुस्तकासारखं लिहिते, पण मधूनच माझी भाषा वऱ्हाडावर येईल. येऊ दे.

मी आठवीत होते. आपल्या गावात तेव्हा सातवीपर्यंतच शाळा. पुढे तीन कोस चालून मोठ्या गावात जायचं. आपल्या वस्तीतून मी एकटी. वर्गात जागा ठरलेली, शेवटचा बाक, भिंतीला लागून. कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण पहिल्या दिवशी सरांनी हाताने दाखवलं आणि ते शाळा संपेपर्यंत पुरलं असतं.

शाळेत महाराष्ट्राचा एकच मोठा नकाशा होता. कापडी. वर-खाली लाकडी दांड्या. गुंडाळून हेडमास्तरांच्या कपाटात उभा असायचा. तो आणायला सर पुढच्या बाकावरच्यांना पाठवायचे. तो मान होता. मला कधी पाठवलं नाही. खिळ्याला टांगला की सर लांब रुळाने दाखवायचे, आणि शेवटच्या बाकावरून मला जिल्ह्यांची नावं मुंग्यांसारखी दिसायची. आठ महिने मी तो नकाशा रंगीत गोधडी बघावी तसा बघितला. हिरवं ठिगळ, पिवळं ठिगळ, गुलाबी ठिगळ. आपला बुलढाणा कुठल्या ठिगळात, तेही वाचता येत नव्हतं.

सर पाठ करून घ्यायचे. उत्तर वर, दक्षिण खाली, पूर्व उजवीकडे, पश्चिम डावीकडे. आम्ही कोरसात म्हणायचो. हे कागदावरचं चाललं आहे की बाहेरचं, ते कोणी सांगितलं नाही. विचारलंही नाही कोणी. पुढच्या बाकांना विचारायची गरज नव्हती आणि मागच्या बाकाने विचारायचं नसतं.

दिशा मला येत होत्या, बाई. फार चांगल्या येत होत्या. आपली वस्ती गावाच्या उगवतीला. का, तर वारा बहुतेक मावळतीकडून येतो, आणि आपल्या अंगावरून गेलेला वारा गावात शिरू नये. ही अक्कल कोणाची ते माहीत नाही, पण पोरांच्या दिशा पक्क्या करून गेली. डोंगराकडची विहीर आपली नाही. पूर्णा नदीकडच्या वाटेने देवळावरून जायचं नाही. दिशा चुकली असती तर आम्ही नको त्या आळीत, नको त्या पाण्यावर पोचलो असतो आणि मार खाल्ला असता. तुझ्या वर्गातल्या पोरांची दिशा चुकली तर एक मार्क जातो.

मग तपासणीचा दिवस आला. साहेब येणार. मायने सकाळी माझी वेणी घट्ट घातली. मी हात राखेने घासले, मनगटापर्यंत, नखात कपाशीचा काळेपणा राहू दिला नाही. हे लक्षात ठेव. पुढे लागेल.

साहेब आमच्या वर्गावर आले तेव्हा भूगोलाचा तास होता. नकाशा टांगलेला. पुढच्यांनी नद्या सांगितल्या, किल्ले सांगितले. साहेब बहुतेक कंटाळले. त्यांनी मागे बोट केलं. "ती मुलगी. उत्तर दिशा दाखव."

मी उभी राहिले आणि विचार न करता हात खिडकीकडे केला. उजव्या हाताला खिडकी होती आणि खिडकीत सातपुडा होता, निळा, जसा आपल्या दारातून दिसतो तसा.

"तिकडं. डोंगराकडं."

दोन-तीन पोरं फिसकन हसली. साहेब म्हणाले, "बाहेर नको. नकाशात दाखव."

मी पुढे गेले. पहिल्यांदा त्या नकाशाच्या एवढ्या जवळ. त्याला डिंकाचा आणि उंदराचा वास येत होता. नावं वाचता आली असती, पण वाचायला वेळ कुठे होता. आता तू मास्तरीण आहेस, तर डोळ्यांसमोर आण. नकाशा मावळतीच्या भिंतीवर. मी त्याच्याकडे तोंड करून उभी. डोंगर माझ्या उजव्या हाताला, खिडकीबाहेर. मग उत्तर कुठे? उजवीकडे. मी उजव्या काठावर तळवा ठेवला.

"इकडं."

वर्ग फुटला. साहेब हसले. "हिने पूर्वेचा भंडारा उचलून उत्तरेला नेला," असं म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. आणि आमचे सर हात मागे बांधून अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, ही वस्तीतली आहे. यांना दिशा विचारू नका. यांना गावाची एकच बाजू माहीत असते."

यांना. तिथे भेटला होता तो शब्द मला.

साहेब गेले. सरांनी तांब्यातलं पाणी आपल्या रुमालावर घेतलं आणि नकाशाचा उजवा काठ पुसला. जिथे माझा तळवा पडला होता तिथे. कोणाला काही सांगितलं नाही, नुसतं पुटपुटले, "हात लावला होता." कापडाचा रंग कच्चा होता. भंडारा फिका पडला. रुमालाला गुलाबी डाग आला. मी जागेवर उभी राहून बघत होते.

माझे हात स्वच्छ होते, पोरी. त्या वर्गात त्या दिवशी माझ्याइतके स्वच्छ हात कोणाचे नसतील. मी ते बोलले नाही. बोलायला हवं होतं, हे मला चाळीस वर्षं सुचत राहिलं. वावरात तण निंदताना सुचलं, भाकरी थापताना सुचलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला फळ्यापाशी उभं केलं. तपासणीत वर्गाचं नाव घालवलं म्हणून. शिक्षा साधी होती. वर्गाकडे तोंड करून दहा वेळा म्हणायचं: उत्तर वर असते.

मी उभी. खिडकीत डोंगर, कालच्याच जागी.

"म्हण."

"उत्तर डोंगराकडं असते, सर."

"वर असते म्हण."

मी वर पाहिलं. खरंच पाहिलं, चेष्टा म्हणून नाही. वर पत्रे होते, पत्र्यांना भोक होतं, भोकातून उजेड येत होता.

"वर तं आभाय असते, सर."

कोणीतरी हसलं. पण या वेळी माझ्यावर नाही. हे मला कळलं आणि सरांना माझ्याआधी कळलं. रूळ माझ्या बोटांवर आला, उभा. चार वेळा. मग म्हणाले, "माफी मागितल्याशिवाय माझ्या तासाला वर्गात पाय ठेवायचा नाही. आणि ते वाक्य म्हणायचं. वर्गासमोर."

घरी गेले. मायने बोटं पाहिली, हळद लावली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हनून टाकायचं होतं वं बाई. दोन शब्दाची गोष्ट. तोंड झिजत होतं काय तुवं?"

"खोटं आहे ते, माय."

"खरं बोलून कोनाचं पोट भरलं आपल्यात?"

तरी ती दुसऱ्या दिवशी निंदणाचा खाडा करून माझ्यासोबत तीन कोस चालत आली. सरांसमोर वऱ्हांड्यापाशी उभी राहिली, पायरीच्या खाली. हात जोडले. सर म्हणाले, "मावशी, मला काही नको. पोरीने एक वाक्य म्हणावं." मायने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही. मायचे जोडलेले हात मला दिसत होते आणि मी नाही म्हणाले. त्याची टोचणी मला आहे. पण पश्चात्ताप नाही.

पुढचे दोन महिने भूगोलाच्या तासाला मी वऱ्हांड्यात बसले. वार्षिक परीक्षेत नकाशा भरायचा प्रश्न आला. कोरा नकाशा. मी तो कोराच दिला. तेव्हा मला त्यातलं काही येत नव्हतं, हेही खरंच आहे. नापास. पुन्हा आठवीत बसायचं तर पुन्हा तेच सर, तेच वाक्य. मी खुरपं घेतलं.

नकाशा मला तीन-चार वर्षांनी समजला. वरवटच्या बाजारात. भजी घेतली तर ती बांधून दिली कुठल्याशा पोराच्या भूगोलाच्या पुस्तकाच्या पानात, आणि पानावर महाराष्ट्र. तेल लागून पान आरपार झालेलं. मी भजी मैत्रिणीच्या पदरात टाकली आणि पान घडी करून चोळीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून ते भुईवर पसरलं, उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवली. कोपऱ्यात बाण होता, बाणाच्या टोकाशी उ. मी तो बाण फिरवला. डोंगराकडे केला.

आणि सगळं जागेवर आलं, बाई. डाव्या हाताला जळगाव जामोद, कागदात आणि खरं. उजव्या हाताला तेल्हारा. पाठीमागे पूर्णा, तिच्यापलीकडे शेगाव, खामगाव, आणि पार खाली बोटभर अंतरावर तुझं लोणार. कागद आणि भुई एकमेकांवर बसले, झाकण बसावं तसे. मी तिथे बसून रडले. आनंदाने नाही. संतापाने रडले. कारण एवढंच होतं तर. नकाशा खिळ्यावरून काढायचा, खाली ठेवायचा आणि फिरवायचा. एवढंच सरांना करायचं होतं. मिनिटाचं काम. मला उत्तर येत होती, नकाशाची उत्तर कुठे हे कोणीतरी सांगायचं होतं. त्यांनी ते मिनिट दिलं नाही. रुमाल भिजवायला मात्र वेळ होता.

त्यानंतर आपलं अंगण सुरू झालं. तुला वाटत असेल आजीची हौस. हौस नव्हती. वस्तीतलं एकही पोर वर्गात नकाशावर चुकीच्या काठाला हात ठेवणार नाही, ही जिद्द होती. शेणाने सारवलेल्या अंगणात चुन्याने जिल्हा काढायचा. डोंगराच्या बाजूला दगड, सातपुडा. माझ्या फाटक्या निळ्या लुगड्याचा काठ, पूर्णा. आणि पहिली खूण आपल्या वस्तीची, मग गावाची. ते पोरांना सांगावं लागायचं नाही, तीच आधी तिथे जाऊन उभी राहायची. लोणारच्या जागी मी काय केलं होतं, आठवतं? करवंटी पुरली होती भुईत. नारळाची करवंटी. तू त्यात पाणी भरायचीस आणि म्हणायचीस, "सरोवर भरलं, आजी."

आठ-नऊ वर्षांची होतीस. एकदा एक पाय आपल्या गावावर आणि दुसरा शेगाववर ठेवून मला म्हणालीस, "आजी, शेगावले जाताना पाय दुखते. इथं तं नाई दुखत. मंग हे अंतर खरं कसं?" तुझ्या डोक्यात खड्डा आहे, असं मी म्हटलं का? मी तुला सुतळी दिली. घरापासून शाळेपर्यंत पावलं मोजायला लावली, शंभर पावलांना सुतळीला एक गाठ. तू घामाघूम होऊन आलीस आणि तेव्हा तुला कळलं की शंभर पावलं एका गाठीत कशी मावतात. प्रमाण म्हणतात ना तुमच्यात त्याला, तेच. दोन दिवस गेले त्यात. दोन दिवस कोणाचे गेले? माझे. मजुरीचे दोन दिवस.

म्हणून परवा मी स्वतः फोन केला. तू घाईत होतीस. मी एकच विचारलं.

"गोलांवर आकडे लिहिले होते काय वं?"

"कसले आकडे?"

"उंचीचे."

तू थांबलीस. "नाही. नुसता आकार ओळखायला दिला होता."

"मंग तिचं काय चुकलं?"

"आजी, सगळे डोंगर म्हणाले."

"सगळ्यायनं पुस्तकात पाह्यलेलं सांगतलं. तिनं रोज पाह्यलेलं सांगतलं. लोणारची पोरगी हाये ती. तिच्या येण्याजाण्यात एवढा मोठा खड्डा हाये, गोलात गोल, आत उतरत गेलेला."

तू म्हणालीस, "चल आजी, पोळी करपते माझी."

करपू दे.

आकडे आत वाढत गेले तर डोंगर, आत कमी होत गेले तर खड्डा. आकडेच नसतील तर दोन्ही बरोबर. हे मला, आठवी नापास बाईला, कळतं. तुला कळत नाही असं मी म्हणणार नाही. तुला कळतं. तू थांबलीस ना फोनवर, तेव्हाच कळलं तुला. फक्त कबूल करायला तुझी जीभ वळली नाही. सरांचीही वळली नसती.

तुझ्या अडचणी मला माहीत आहेत. एका वर्गात साठ पोरं. नकाशे जुने, फाटके. पोर्शन संपवायचा. वरून माहिती भरा, फोटो टाका. पोरांना नकाशा वाचता येत नाही म्हणून तू वैतागतेस, आणि खरंच येत नाही त्यांना. कसा येईल? फळ्यावर उभं काढलेलं त्यांनी मनात आडवं करायचं, चालून दुखणारी वाट बोटभर झालेली मानायची, आणि हे सगळं शेवटच्या बाकावरून, चुकलं तर हसू होईल या भीतीत. तरी त्या पोरीने तोंड उघडलं. साठातल्या एकीने विचार करून वेगळं उत्तर दिलं. तिला तू खाली बसवलंस.

त्या दिवशी तुझ्या हातात रुमाल नव्हता. तरी तू पुसलंस.

आता काय करायचं ते सांगते. तांड्यावर जा. स्वतः जा, निरोप धाडू नको. तिच्या मायला पायरीखाली उभं करू नको, तू तिच्या दारात उभी राहा. पोरीला वर्गात आण. मग वर्गासमोर म्हण, दहा वेळा नको, एकदाच म्हण: ती बरोबर होती, आकडे मी लिहिले नव्हते. तोंड झिजणार नाही.

आणि केलं नाहीस तर ऐक. माझे गुडघे गेले आहेत, पण एस.टी. दारावरून जाते. शेगाव, खामगाव, मेहकर करत मी लोणारला येईन. तुझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसेन, भिंतीला लागून, त्या जागेची मला सवय आहे. तू फळ्यावर गोल काढशील आणि विचारशील, हे काय दिसतं. मी हात वर करेन आणि सांगेन, खड्डा. मग मला म्हण तेच वाक्य. तुझ्या साठ पोरांसमोर म्हण.

मी एकदा वर्गातून बाहेर निघाले ते माझ्या सरांमुळे. दुसऱ्या कोणाला तसं बाहेर काढायचं पाप माझ्या घरातून होणार नाही. मी जिवंत असताना नाही.

तर ये. लवकर ये, या शनिवारीच निघ, सकाळची गाडी धर. मी अंगण सारवून ठेवलं आहे, चुना भिजवला आहे, आणि जुनी करवंटी फुटली होती तर नवी पुरली आहे. त्या पोरीला घेऊन ये. तिला पाणी भरू दे त्यात. एकटी येणार असशील तर मागच्या दाराने ये. अंगणात नकाशा आहे, त्यावर तुझा पाय पडू देणार नाही मी.